परिशिष्टाची पानं

प्रिय ठमाबाई,

विद्यापीठ सध्या एकंदरीत कसं आहे ते सविस्तर कळवा, पुढच्या शुक्रवारपर्यंत मला होकार द्यायचाय, असं तू लिहिलंस. नेमणुकीचं पत्र तुझ्या हातात आणि चौकशी मुख्य फाटकासमोरच्या बायंडरकडे! पण बरोबर जागी आलीस. आतल्या माणसांना फक्त आपापला विभाग ठाऊक असतो. माझ्या दुकानात सगळेच येतात आणि थांबले की बोलतात.

तर ऐक. एकेचाळीस विभाग, तीस हजारांवर मुलं, स्वतःचं रुग्णालय, स्वतःची शेती, टेकडीवर दुर्बीण, आणि एवढ्या पसाऱ्यात फिरायला आतल्या आत बस. बसचा ड्रायव्हर सांगतो, नवी मुलं पहिल्या आठवड्यात चुकीच्या थांब्यावर उतरतात आणि त्यातली काही तिथलीच पदवी घेऊन बाहेर पडतात. ग्रंथालय आता सात मजल्यांचं झालंय. पाचव्या मजल्यावर प्रबंध, त्यातले निम्मेअधिक माझ्या हातचे. विज्ञानाचे निळे, भाषांचे मरून, शेतकीचे हिरवे, कण्यावर सोनेरी अक्षरं. अकरा वर्षांपूर्वी एका प्रबंधाला मी पुठ्ठा उलटा चढवला होता. ते मागच्या महिन्यात ग्रंथपालबाईंच्या लक्षात आलं. मी ओशाळलो, तर त्या म्हणाल्या, काका, घाबरू नका, तुमच्यानंतर तो उघडणारी मीच पहिली.

म्हणून सगळंच वाया चाललंय असं समजू नकोस. रुग्णालयातल्या एका डॉक्टरीणबाईंनी नवजात बाळांच्या काविळीवर सात वर्षं काढली. प्रबंध बांधायला आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती आणि आभाराच्या पानावर सासूबाईंचं नाव पहिलं होतं. आता तो वॉर्ड त्याच चालवतात. सकाळी दुकान उघडताना बाळं घेऊन घरी निघालेली माणसं मला फाटकातून दिसतात.

तुझ्या विभागाची इमारत जुनीच आहे, तळमजल्याला ओल आलीय. पण शेवाळांची प्रयोगशाळा नीटनेटकी. साडेतीनशे नळ्यांतली शेवाळं पन्नास वर्षं जिवंत ठेवलीत, दर महिन्याला नव्या नळीत हलवून. तिथले म्हातारे मदतनीस त्यांना आमची मंडळी म्हणतात. रजेवर गेले तरी मंडळींची चौकशी करायला फोन करतात. येणाऱ्या नव्या बाई, म्हणजे तू, शेवाळवाल्याच आहेत हे कळल्यापासून त्यांची स्वारी खुशीत आहे.

घरची खबर म्हणजे तुझ्या आईनं तुझी खोली रिकामी केली. शिलाई मशीन बाहेर आलं, माझे पुठ्ठ्यांचे गठ्ठे दुकानात परत गेले. तुझ्या टेबलासाठी तिनं खिडकीखालची भिंत दोनदा मोजली, दोन्ही वेळा वेगळी भरली, आणि दोष टेपला दिला. लेक नऊ वर्षांनी कायमची परत येतेय, हे शेजारणीला सांगून झालंय. मी अडवलं नाही. उलट खोलीचं दार करकरत होतं, त्याला मीच तेल घातलं.

आता मंगळवारचं सांगतो. तुझे होणारे विभागप्रमुख आणि त्यांचे एक सहकारी पुढच्या पाच वर्षांचा आराखडा घेऊन दुकानात आले. बारा प्रती, उभ्या उभ्या बांधून हव्या होत्या. बांधायला आलेलं वाचायचं नाही, हा माझा धंद्यातला नियम. पण परिशिष्टाच्या पानांवर आकडे नव्हते, आणि गठ्ठा माझ्या हातून निसटला. क्रम लावायचा तर वाचणं भाग होतं. तिसऱ्या पानावर होतं: शेवाळांची प्रयोगशाळा पुढच्या जूनमध्ये बंद, संग्रह दुसऱ्या संस्थेकडे, नवनियुक्त प्राध्यापिका पूर्णवेळ पदवीच्या वर्गांवर. मी मान वर केली नाही. तेवढ्यात सहकाऱ्यानं विचारलं, नव्या बाईंना हे कळवलंय का? प्रमुख म्हणाले, "आत्ता कशाला? आधी रुजू तर होऊ देत. जागा रिकामी राहिली तर तीही जाईल." माझ्यासमोर बोलायला त्यांना काही वाटलं नाही. तीस वर्षं मी तिथं नुसता काका आहे. आडनाव कुणी विचारलेलं नाही. मी पानं नीट लावली आणि बारा प्रती बांधून दिल्या.

आज शनिवार. गप्प राहिलो असतो तर तू शुक्रवारी होकार दिला असतास, महिनाअखेरीस घरी आली असतीस, आणि मला हे ठाऊक होतं हे कुणालाही कळलं नसतं. हा विचार मी केला, चांगला चार दिवस केला. तिकडे तुझी स्वतःची प्रयोगशाळा आहे, हाताखाली माणसं आहेत. प्रयोगशाळा किती वर्षं चालणार, ते विभागाला लेखी विचार आणि उत्तरही लेखी घे. कुठून कळलं असं विचारलं तर खुशाल माझं नाव सांग. तुझ्या आईला अजून काही बोललेलो नाही. तू नकार कळवलास, तर "येऊ नकोस" असं मीच तुला लिहिलं होतं, हे तिला मीच सांगेन. फोनवर माझी बाजू सावरायला जाऊ नकोस. तिला माझ्यावर चिडू दे. मी घरातच आहे.

तुझाच, आणि तुझ्याच बाजूचा,
बाबा