बावटा आणि बिनभात्याची पेटी

२ नोव्हेंबर १९६२
आजपासून रोजनिशी आणि आजपासूनच कंपनी. नाव: सहदेव इलेक्ट्रिक ऑर्गन कंपनी, मालवण. पाटी रंगवून झाली, ऑर्गन व्हायचा आहे. भाता न मारता वाजणारी पेटी. पौर्णिमेच्या जत्रेत पहिला प्रयोग, मग गोवा, मग मुंबई. बायको मथुरा म्हणते, आधी ओटीवरच्या तारा उचला.

५ नोव्हेंबर
ऑर्गनला लागणारे व्हॉल्व्ह, रेडिओत असतात तसले काचेचे दिवे, मुंबईहून येत नाहीत. मच्छीमार सोसायटीच्या रेडिओत चार आहेत. किल्ली माझ्याचकडे. रोज संध्याकाळी हवामान ऐकायचं, तुफान असेल तर काठीवर लाल बावटा चढवायचा, एवढंच काम. सगळी वाडी त्या बावट्याकडे बघून होड्या लोटते. पण नोव्हेंबरात कसलं तुफान? जत्रेपुरते काढले. उसने.

६ नोव्हेंबर, दुपारी
ऑर्गन वाजला. एकच सूर, पण भरदार. थांबता थांबत नाही. कुत्री आवारातून निघून गेली. मासेवाली काशीबाई पाटी न उतरवताच वळली. म्हणाली, "असो आवाज बरो न्हय." लोकांना कलेची जाण नाही.

७ नोव्हेंबर, संध्याकाळी
मथुरेचा भाऊ गुरुदास आला होता. "रेडियो गप कित्याक?" म्हटलं, जरा विश्रांती देतोय. आभाळ पिवळं, माडाचं पातं हलत नाही. याहून चांगली हवा कुठली? तो काठीकडे बघून म्हणाला, "बावटो नाय, म्हणजे दर्यो बरो. उद्या पहाटेक होडी घेवन जातंव." सांगणार होतो. पण व्हॉल्व्ह परत मागितले असते. उद्या नक्की सांगायचं.

८ नोव्हेंबर, ११ वाजता
वारा सुटलाय. उभं राहवत नाही. बावटा चढवला, म्हणजे काम चुकवलं असं कोणी म्हणू नये. बघायला होडीवाला कोणी नव्हता. सगळे आत दर्यात. तासाभरात बावटा फाटला.

९ नोव्हेंबर
दोन होड्या परतल्या. गुरुदासची नाही. तो पट्टीचा पोहणारा आहे, येईल. मथुरा सकाळपासून वाळूत बसून आहे. जेवण मीच केलं, ते करपलं. मला भीती वाटते.

११ नोव्हेंबर, पौर्णिमा
जत्रा झाली नाही. व्हॉल्व्ह रेडिओत परत बसवले. पहिल्याच झटक्यात बोलला, माझं काम पक्कं असतं. समुद्र शांत आहे, म्हणाला.

मथुरा सोसायटीच्या दारात येऊन ऐकत उभी राहिली. तीन दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "गुरुदास गेलो त्याच्या आदल्या सांजेक ह्यो रेडियो काय सांगत होतो?"

मी बॅटरीची तार नीट करत बसलो. ती अजून दारात उभी आहे.