आधी हात धरा

धुळे, ४ फेब्रुवारी २०२५

प्रिय दाजी,
नमस्कार. आम्ही बरे आहोत. तुमच्या आईंचे गुडघे आता थंडी कमी झाल्यावर जरा हलके झाले असतील.

ताईच्याच बाबतीत असं का व्हावं, असं तुम्ही फोनवर विचारलंत. घरात पहिली पदवीधर म्हणून सगळे माझ्याकडे बघतात, पण हे डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही.

काय झालंय ते मात्र कळलं. नाशिकला तिच्या डोक्याला तारा लावून तिची झोप तपासली. मेंदूच्या तळाशी थोड्या पेशी असतात, त्या जागेपण धरून ठेवतात. ताईच्या त्या पेशी बहुतेक गेल्यात. तुमच्या प्लांटच्या भाषेत, संच चांगला आहे पण सारखा ट्रिप होतो, चालता चालता बंद पडतो. झोपेत स्वप्न पडताना मेंदू आपले हातपाय सैल सोडतो. तिला ते जागेपणी होतं, खळखळून हसली की.

म्हणजे भरीत पार्टीत तुम्ही वांग्यावरून विनोद केलात आणि ती कोसळली, ते नाटक नव्हतं. अंगात देवीही आली नव्हती. तुमच्या आईंनी हळदकुंकू लावलं, शेजारच्या बेबाबाईंनी पोराच्या नोकरीचं विचारलं, ते सगळं तिला ऐकू येत होतं. फक्त बोलता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तव्यापुढे तिचा डोळा लागला, तेव्हा देवी गेली आणि आळशी सून उरली.

इथे आमच्या आईचा हुकूम आहे, "तिले कोनी हसाडू नका. सासरले काही सांगू नको." आमचे आबा नुसते खाकरले तरी ती डोळे वटारते. ताई हसणं विसरेल अशी मला भीती वाटली. मग मी गादी टाकली आणि तुमचाच वांग्याचा विनोद सांगितला. ताई पडली. थोड्या वेळानं उठली आणि म्हणाली, "त्यास्नी भारी सांगेल व्हता. तू पुरी वाट लाई दिनी."

गोळ्या कायमच्या आहेत. दुपारी थोडी झोप लागेल. चुलीपाशी एकटी नको. बाकी ती तीच आहे.

दाजी, ताईला न्यायला कधी येता असं विचारलं, तर फोन ठेवताना तुम्ही "बघू" म्हणालात. त्या "बघू"चा अर्थ ती मला रोज विचारते. मी विषय बदलते.

पुढचं दीपनगरला, तुमच्या वीज प्लांटच्या गेटाबाहेर, चहाच्या टपरीवर बसून लिहिते आहे. लपवून नांदायचं नाही, असं ताईनंच ठरवलं. आईला तसं सांगून आम्ही सकाळच्या बसनं निघालो. बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली होती, आता टक्क जागी आहे. हे पत्र आणि रिपोर्ट तीच तुमच्या हातात देईल. मी इथेच बसून राहीन. नाही म्हणायचं असेल तर तिला नको, मला येऊन सांगा.

आणि हो म्हणायचं असेल, तर तो विनोद पुन्हा सांगा. आधी तिचा हात धरा.

गेटाकडे डोळे लावून बसलेली,
तुमची मेव्हणी
डिंपल