पाहणाऱ्याच्या डाव्या हातास

रामवाडी, पेण
नागपंचमीच्या आधीचा मंगळवार

तीर्थस्वरूप सुभाषमामांस (तीर्थरूप फक्त आईवडिलांना लिहितात, आमच्या कारखान्यात हे एकट्या मलाच ठाऊक आहे) विशालचा साष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा व तुमचा खोकला आता उतरणीला लागला असेल. इकडे मी बरा आहे असे लिहिण्याची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

कमळाकरशेठच्या गणपतीच्या कारखान्यात गिऱ्हाइकांची पत्रे आणि कारागिरांच्या चिठ्ठ्या चार वर्षे मीच लिहितो. दहावी राहिली ती इंग्रजीमुळे. मराठीत माझा ऱ्हस्व-दीर्घ कधी चुकलेला नाही. वैशाखात शेठने नागोठण्याचा मितेश आणला. तो पत्रे लिहीत नाही, मोबाईलवर ओळी टाकतो. रोह्याच्या धोंडुबाईंनी शाडूची मूर्ती सांगितली होती, त्यांना याने कळवले, "साडू भिजत घातला हाय. सुकला की रंगवतो." एका अक्षराने मातीचा नातेवाईक झाला. मी ती ओळ कागदावर उतरवली, लाल शाईने गोल केला आणि शेठपुढे ठेवली. शेठ इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मला वाटले, जिंकलो. पण धोंडुबाईही हसल्या होत्या, आणि हसता हसता जावेसाठी दुसरी मूर्ती सांगून मोकळ्या झाल्या होत्या. शेठ म्हणाले, "तिला कळलं ना? मग तुझ्या पोटात का दुखतंय?" (पोटात दुखत नव्हते. छातीत जळजळत होते. शेठना नेमके बोलायची सवय नाही.)

तेव्हापासून फोन आला की लोक 'तो साडूवाला' मागतात. माझ्या 'आपले कृपापत्र पावले'ची कोणी चौकशी करत नाही. रंगकामाच्या नमिताताईसुद्धा डबा उघडताना म्हणतात, "मितेश, ये रे साडूवाल्या, लोणचं घे भाकरीसंगं." मला चार वर्षांत लोणचेही कोणी विचारलेले नाही.

मग मी ठरवले, असे स्पष्ट लिहायचे की शंकेला जागाच उरू नये. जावेच्या मूर्तीची चिठ्ठी माझ्याकडे आली: डाव्या सोंडेची हवी. आजवर आम्ही नुसते 'डावी' लिहितो आणि काळुराम मूर्तिकार बरोबर घडवतो. पण डावी कोणाची? मी कंसात खुलासा केला (पाहणाऱ्याच्या डाव्या हातास). अक्षर एकही चुकले नव्हते. चुकली ती बाजू. डावी सोंड म्हणजे गणपतीच्या स्वतःच्या डाव्या हाताकडची. समोर उभ्या माणसाला ती उजवीकडे दिसते. काळुरामने चिठ्ठी दोनदा वाचली, नक्की का म्हणून विचारले, मी कंसावर बोट ठेवले, आणि त्याने निमूटपणे उजव्या सोंडेचा गणपती घडवला.

फोटो पाहून धोंडुबाईंचा फोन आला. "जावेची दोनी पोरं कंपनीत शिफ्टला. उजव्या सोंडेचं सोवलं कोन पालनार, तुमचा कारकून?" (उच्चार त्यांचे.) मी दिलगिरीचे पत्र लिहायला बसलो. दीड पान होईपर्यंत मितेशने त्याच फोटोवर बाण काढून पाठवला, "सोंड हिकडं?" त्यांनी कळवले, "व्हय." नवी मूर्ती ठरली, प्रकरण मिटले. माझे पत्र अजून खिशात आहे.

आता शेठने सांगितले आहे की ही रंगवून तयार असलेली उजव्या सोंडेची मूर्ती नागपंचमीच्या आत जो मार्गी लावील, तोच यापुढे चिठ्ठ्या लिहील. दुसऱ्याने शाडूची पावडर चाळायची. मामा, चाळण्याचे काम वाईट नाही, पण माझ्या खुर्चीत बसून तो 'मुर्ती' लिहील, पहिला मु ऱ्हस्व, आणि ते मला चाळणीमागून बघावे लागेल.

बाकी सर्व क्षेम.

आपला आज्ञाधारक भाचा,
विशाल

ता. क. मामींचे सोवळे फार कडक, असे आई नेहमी सांगते. उजव्या सोंडेचा गणपती अशाच घरी शोभतो. यंदा तुम्ही तोच न्यावा. (पत्र एवढ्यासाठीच.)

ता. क. २. हे पत्र मूर्ती पोचवणाऱ्या रितेशच्या टेम्पोतून उद्या तुमच्याकडे रोह्याला पोचेल. त्याआधी तुम्हाला मितेशची मोबाईलवर "मामा उजव्या सोंडेचा गनपती घेनार का" अशी ओळ येईल. तुमचा नंबर त्याला गिऱ्हाइकांच्या वहीत सापडला. तुम्ही त्याचे मामा नव्हेत. त्याला उत्तर देऊ नये, मला द्यावे. नुसते 'हो' लिहिले तरी चालेल.

ता. क. ३. आत्ताच मितेश मोबाईल दाखवून गेला. तुम्ही त्याला 'हो' कळवले आहे. 'हो' शुद्ध आहे, त्याबद्दल आभार. शेठ विचारतील तेव्हा ते माझ्या पत्राचे उत्तर होते, असे स्पष्ट सांगावे (पत्र मागाहून पोचले, एवढेच).