मन्नतीचं मटण

आपा, सलाम.

परवा तू उमैरला घेऊन कोलशेतहून आंबिवलीला आलीस. "बकरा कापला, तुझ्यासाठी आणलंय," म्हणालीस. मी लगेच मटण शिजवलं, तुला वाढायला गेले, तर म्हणे पोट बरं नाही. उमैरने हात पुढे केला, तर त्यालाही अडवलंस. आत्ता कुठे दुखण्यातून उठलेलं पोर, त्याला मटण का नको? माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

स्वतः आणलेलं मटण कुणी स्वतः का खाणार नाही, मुलालाही का देणार नाही, हे आज मौलानांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "मन्नतीचं मटण मन्नत मागणाऱ्याला चालत नाही, त्याच्या मुलांनाही नाही. ते गरिबांचं. सख्खी बहीण गरीब असेल तर तिला देता येतं."

म्हणजे उमैरसाठी तू बकरा बोलली होतीस, आणि गरीब म्हणून तुला मी आठवले! ह्यांची नोकरी सुटल्याचं तुला कुणी सांगितलं? अम्मीने? की पाणी प्यायच्या निमित्ताने आत येऊन तू माझे डबे उघडून पाहिलेस?

रागाने फोन उचलला. "आम्ही गरीब नाही," एवढंच सांगायचं होतं. पण मी गरीब नसेन, तर तुझी मन्नत पुरी झाली नाही. उमैरच्या जिवासाठी मागितलेली मन्नत, आपा.

तेवढ्यात तुझाच फोन आला. "पोरांनी खाल्लं का गं?" तू घाबरत विचारलंस.

"हो, पोटभर," मी म्हटलं. "आम्हाला गरज होतीच."

तू रडायला लागलीस. आता हे पत्र पाठवत नाही.

तुझी शाहेदा