पहिला रकाना

सोमवार, ३ फेब्रुवारी

झोप उडाली! वीस तारखेपर्यंत संस्थेला तुलना लिहून द्यायची आहे. रंगकारखान्यातल्या बायकांचे दोन साक्षरता वर्ग – एक मोठ्या बाईंचा, एक सरांचा. दोन्हींत मदतनीस मी. पुढच्या महिन्यापासून एकच वर्ग राहणार, आणि कोणता ते माझ्या कागदावरून ठरणार. माझ्या! घरातली शाळेत गेलेली पहिली मुलगी, म्हणून मला सगळे कळते असे यांना वाटते.

त्यांनी दिलेल्या तक्त्यातला पहिला रकाना – 'प्रौढ व्यक्ती कशासाठी शिकते?'

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मोठ्या बाईंचे म्हणणे – अक्षरापुढे मोठे माणूसही लहानच. आधी हात वळला पाहिजे, अर्थ मागाहून येतो. आज पस्तीस मिनिटे नुसता 'ग' गिरवणे. कुणी चकार शब्द काढत नाही. पण तीन आठवड्यांत सगळ्यांना सही येते. हे लिहायलाच हवे, मला बाई आवडत नसल्या तरी.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सर म्हणतात, मोठी माणसे कोरी पाटी नसतात. शब्द त्यांच्या तोंडून यावा, मग अक्षरे. आज विचारले, "तुमच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा शब्द कोणता?"

"सासू!" वाळवणीवरची मावशी म्हणाली. "दोनच अक्षरं, पण पुरून उरते!"

हसून हसून बाकडी हलली. सरांनी वळून फळ्यावर लिहिले – 'मजुरी'.

मग शब्द कुणाचा? हेही लिहायला हवे. पण असे खरे खरे लिहीत गेले आणि दोन्ही वर्ग बंद झाले तर?

रविवार, ९ फेब्रुवारी

आईला पुन्हा म्हटले, वर्गाला ये. तिची कारखान्यातली पाळी सुटते तिथेच तर भरतो.

"या वयात मी काय उजेड पाडणार गं? तू वाच मोठ्यानं, मी ऐकते."

लहानपणीही हेच. मी धडा वाचायचे, ती शेजारी खेटून उसवलेले शिवत बसायची. एखादी ओळ गाळली की लगेच – "चोरलीस ना? परत वाच!" कान फार तिखट.

खरे सांगू? ती येत नाही तेच मला बरे वाटते. लिहूनच टाकते. घरात ही वही वाचणारे कोणी नाही.

मला शाळेत घातले त्या दिवशी कारकुनाने अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे केला. आईचा निळा अंगठा पाहून थांबला. "तुम्हाला शाई कशाला? भरूनच आणलाय की!" सगळे हसले. मीही हसले. सगळ्यांत मोठ्याने. तिचे ते मळके हात मला माझ्या शाळेत नको होते.

आणि मी ठरवणार, बायकांनी कसे शिकावे!

बुधवार, १२ फेब्रुवारी

रकाना रिकामा.

सोमवार, १७ फेब्रुवारी

मोठ्या बाई – "भावनेच्या भरात काही लिहू नकोस." सर – "तू त्यांच्यातलीच आहेस, तुला कळेल." त्यांच्यातली असते तर त्या दिवशी हसले असते?

शेवटी मावशीलाच विचारले, कशासाठी शिकता?

"पोरगी मोबाईलवर दिवसभर काय लिहिते ते कळावं म्हणून."

"आणि कळलं तर?"

"कळलं तर कळलं. तिला थोडंच सांगणारे!"

हे तक्त्यात कुठे बसवू? 'इतर'मध्ये टाकले.

गुरुवार, २० फेब्रुवारी

तुलना आज द्यायची. काही सापडते का म्हणून ही वही मागे मागे चाळत गेले. नऊ तारखेच्या पानावर, अगदी तळाला, पेन्सिलीने. वाकडी अक्षरे, न गिरवलेली –

'मळके नवते. घासुन आले होते. रंग जात नाहि.'