पितरांच्या संध्याकाळची हाक

झालेस्से,
३ नोव्हेंबर

स्तेफानिया आंतोनाउना हायदूक,

सप्रेम नमस्कार. मी कुशल आहे. तुझ्या माहेरच्या घराचे छप्पर यंदा गळलेले नाही. बटाटे तळघरात नीट रचले आहेत.

काल पितरांची संध्याकाळ; तू गेल्यानंतरची पहिली. तुला ताटावर बोलावण्याचा मान माझा, या समजुतीने मी मिन्स्कहून आलो. वाटेत वाक्ये पाठ केली, बेलारूशीत. तुला तुझ्याच भाषेत हाक मारावी, एवढीच इच्छा होती.

आपली रीत तुला ठाऊकच आहे. शिरगणतीत आपण दोघांनी मातृभाषा म्हणून बेलारूशी लिहिली आणि गणती करणारी बाई जिना उतरते न उतरते तोच रशियनमध्ये चहा मागितला. शहरात ती भाषा मेट्रोतील स्थानके पुकारते. उतरणारी माणसे रशियन बोलत उतरतात. मी ती पुस्तकांतून शिकलो, तुझ्याखातर. तू म्हणालीस, "विसरले मी. गाव सुटलं, भाषा सुटली." त्यावर मी आयुष्यभर विश्वास ठेवला.

शेजारच्या हानुल्काबाईंनी धिरडी केली, मध घालून जवाची खीर केली. मी मेणबत्ती घेऊन दार उघडले, तोच त्या म्हणाल्या, "थांबा, दाजी. तिला मी बोलवायचं. तसं सांगून गेलीय ती."

मग सारे उघडकीस आले. तू भाषा विसरलीच नव्हतीस. दर उन्हाळ्यात कुंपणाशी तुम्हा दोघींच्या बेलारूशीतल्या गप्पा संपत नसत. तुझ्या शिव्यांना अख्खी आळी हसे. सीमेपलीकडे पोलंडात, ब्यालिस्तोकजवळच्या मावसबहिणीशी फोनवरही तीच भाषा. माझी मोटार दिसली की मात्र तू रशियनवर येत असस.

कारण विचारले. हानुल्काबाई खीर ढवळत म्हणाल्या,

"म्हणायची, माझा माणूस हात लावील ते नीट करून ठेवतो. एवढं तरी वाकडंतिकडं माझं राहू दे."

नंतर दाराशी जाऊन त्यांनी अंगणाकडे हाक दिली, "स्तेफ्का, ये गं. पाय पुसून ये, भवाने, आत्ताच जमीन पुसलीय."

स्तेफ्का हे नाव मला ठाऊक नव्हते.

तुझ्या ताटात प्रत्येक पदार्थाचा पहिला चमचा पडला. मला कोणी ऊठ म्हटले नाही. तरी त्या टेबलाशी पाहुणा मीच होतो. पाठ केलेली वाक्ये तशीच परत नेत आहे.

विश्वासघात हा शब्द मी जपून वापरतो. येथे वापरला आहे.

तुझा, तू ठरवलेस तेवढाच,
व्हिक्तार

ता. क. दाराला कुलूप लावले. किल्ल्या हानुल्काबाईंना परत केल्या.