दोनशे वीस भागिले अर्धा

बाबा, काल अकोल्याला वहिनीकडे जाऊन आले आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझेही केस पांढरे झाले, आणि या वयात तुमचा राग यावा म्हणजे काय! राग तरी कशाला म्हणू, सरळ जळफळाटच आहे तो. तुम्ही वहिनीला पहिली शाबासकी दिलीत त्या दिवसापासूनचा.

अमरावतीला कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, म्हणजे जिनाच्या चाळीत आपण राहत होतो. जिनातला डायनामो तुमच्या हाताखाली, म्हणून साऱ्या चाळीत विजेचा दिवा फक्त आपल्याकडे. त्या दिव्याखाली बसवून तुम्ही मला शिकवलंत की व्होल्ट म्हणजे रेटा, अँपिअर म्हणजे धार आणि ओहम म्हणजे तारेची अडवणूक. रेट्याला धारेनं भागलं की अडवणूक निघते, गुणलं की वॅट, म्हणजे ताकद. दादाला हे सुरू झालं की जांभया यायच्या. मला वाटायचं, वीज ही तुमची आणि माझी खासगी गोष्ट आहे. मग दादाचं लग्न झालं आणि बाळापूरची वहिनी घरात आली.

सुनेनं सासऱ्यासमोर यायचं नाही, बोलायचं नाही, ही आपल्याकडची रीत. तुम्ही बाहेर बाजेवर, वहिनी आत चुलीशी, आणि मधे दाराच्या चौकटीत मी; तुमचा धडा आत चुलीपर्यंत ऐकू जायचा. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चालायचा. त्या साऱ्या मुलखात सुनेला वीज शिकवणारा सासरा तुम्ही एकटेच असाल. त्या संध्याकाळी तुम्ही आपल्या दिव्याकडे बोट दाखवून मला विचारलंत, "दोनशे वीस व्होल्ट, अर्धा अँपिअर. अडवणूक सांग." मी घाईनं म्हटलं, एकशे दहा. आतून बांगड्या वाजल्या. वहिनी भाकरी थापता थापता मला हळूच म्हणाली, "बाई, अर्ध्यानं भागलं तं दुप्पट होते नं? चारशे चाळीस." तिच्या माहेरी भाजीचा मळा, बाजारात बसून पावकी-निमकी तिला तोंडपाठ. मी बाहेर येऊन तोंड पाडून सांगितलं, "वैनी म्हणते चारशे चाळीस."

"शाबास!" तुम्ही दाराकडे बघून ओरडलात. आणि मला म्हणालात, "तू गुणून आली व. एकशे दहा त वॅट झाले. अडवणूक आन् ताकद एकच हाये काय?" हे शेजारच्या काकूसमोर! त्या रात्री मी जेवले नाही, आणि का जेवले नाही हे कोणी विचारलंही नाही.

तिथून पुढे तुमचं रोजचंच झालं. प्रश्न मला सांगायचे, "तिले विचार." मी आत जायची, उत्तर घेऊन बाहेर यायची, आणि शाबासकी माझ्या डोक्यावरून आत जायची. जिनातून मोडीत निघालेलं, धार मोजायचं काट्याचं छोटं मीटर तुम्ही घरी आणलंत, तेव्हा तर मला रडूच फुटायचं राहिलं. कधीपासून मागत होते मी ते! तुम्ही दिवा काढलात, सेल जोडले, मीटर लावलं आणि हिशेब केलात. चारशे चाळीस निघायच्या जागी चाळीसच्या आसपास ओहम. "दिवा तोच, तार तेच. मंग काहून? उद्या जवाब पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी दिवाबत्तीला मी पेटलेल्या दिव्यावरचे किडे पुसायला गेले आणि बोट असं भाजलं की बाप्पा! बोट तोंडात घालून उभी होते आणि एकदम समजलं. धावत तुमच्याकडे आले. "सेलवर तार थंडी राह्यते बाबा! पेटल्यावर लाल होते, तवा जास्त अडवते!" तुम्ही उठून बसलात. दाराकडे बघितलंत. "वा रे माही सून!" म्हणालात आणि मीटर माझ्याच हाती देऊन म्हणालात, "दे तिले."

बाबा, तो जवाब माझा होता. तुम्हाला ओळखू येऊ नये, तर मी कशाला सांगू? आतून वहिनी बोलणार कशी? मी मीटर तिच्यापुढे आदळलं. ती ते परत माझ्याकडे सरकवत म्हणाली, "हे तुमचं हाये, बाई." मी म्हटलं, "तुह्या सासऱ्यानं तुले देल्लं, ठेव!" पुढे कॉलेजात मी वीज शिकवली, चांगली मीटरं वापरली, पण काल तिच्या फडताळात ते दिसलं आणि मी पाठ फिरवून बसले.

वहिनीच्या ते लक्षात आलं. म्हणाली, "बाई, आता तं न्या." तुमच्या शेवटच्या आजारात मी सासरी होते आणि वहिनी तुमच्या उशाशी. तेव्हा पदराआडची रीत सुटली होती म्हणे, दोघं बोलायचात. त्यात तिनं तुम्हाला सांगून टाकलं की तो जवाब माझा होता. आणि तुम्ही हसलात! "मले तवाच समजलं व्हतं. तुहा जवाब आने तं रडत सांगे. तो जवाब नाचत आनला पोरीनं. तिले डोकं माहं भेटलं, मीटर तरी तुले राहू दे. पन तिले सांगू नोको, फुगन."

डोकं कोणाला हवं होतं, बाबा? मला मीटर हवं होतं! आणि एवढी गोष्ट सांगायलाही तुम्हाला तीच भेटली. मी मीटर आणलं नाही. आता कशाला?

हे पत्र टाकायला पेटी नाही. घडी करून पेटाऱ्यात ठेवते. एक मात्र सांगते. वहिनीचं बोलून झाल्यावर मी म्हटलं, "मले आता कमी ऐकू येते, पुन्हा सांग बरं." तिनं बिचारीनं माझ्या कानाशी येऊन, मोठ्यानं, सगळं पुन्हा सांगितलं. माझे कान चांगले शाबूत आहेत, बाबा.